मुंबईला जायचा तांदूळ

श्रुती फोनवर चिडली असती तर गोदाने चार शब्द ऐकवून मन मोकळं केलं असतं. पण ती पोरगी नरमच बोलत राहिली.

"गोदाताई, फोटो बघितला. मी लाल तांदूळ मागितला होता. हा पांढरा आहे. माझ्याकडे लोक त्या लाल सालीसाठीच येतात."

श्रुतीचं दादरला सेंद्रिय धान्याचं दुकान. दापोलीच्या आतल्या या गावातल्या बायकांच्या गटाचा माल घ्यायला ती पहिल्यांदाच तयार झाली होती. गट गोदाने उभा केला. नवऱ्याने आणलेली युरियाची गोण तिने दारातून परत पाठवली, आणि "पिकवा तुम्ही, विकायचं माझ्यावर सोडा," असं बायकांना छाती ठोकून सांगितलं. खत कसं कुजवायचं ते शिकवायला साहेब लोक गाड्या भरून आले, चहा पिऊन गेले. भात भरडायचं कसं, विकायचं कुठे, हे सांगायला एक मेला फिरकला नाही.

गोदा तणतणत गिरणीवर गेली. "केरूभाऊ, सगळा पॉलिश का केलास?"

"तूच म्हणालीस ना, मुंबईला जायचाय?"

"मग?"

"मग काय? मुंबईला लाल तांदूळ कुणी कधी पाठवलान? लाल घरात खायचा. भावाकडे, जावेकडे जायचा तो पांढरा करून देतो मी, नायतर गावाला हसतात. आणि जास्तीच्या पॉलिशचे पैसे घेतले काय तुझ्याकडनं?"

गिरण चालू असताना गोदा तिथेच गोणीत कोंडा भरत होती. लालभडक कोंडा डोळ्यांदेखत पडत होता, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दापोलीच्या व्यापाऱ्याने गोदाने दाखवायला नेलेला तांदूळ तळहातावर चोळला. "सेंद्रिय? पोतं बोलतं काय, मी सेंद्रिय म्हणून? साधा भाव देतो. परवडत असेल तर उतरव."

इकडे श्रुतीने पुन्हा फोन केला. थोडा तरी लाल द्या, नाहीतर दुसऱ्या गावाशी बोलते. न भरडलेलं भात गावात एकच उरलं होतं, गोदाच्या कणगीत सगळ्यांसाठी राखलेलं बियाणं.

"दे की तेच," गटातली मालन शेजारच्या अंगणातूनच ओरडली. "गिऱ्हाईक तरी टिकेल. पेरायला दुकानातलं आणू."

"आणि पुढच्या साली श्रुतीला काय देशील? दुकानातलं पांढरं?"

"पुढच्या सालाचं कुणी बघितलंय! तुझ्या नादाला लागून माझं वर्ष गेलं, गोदा. मी युरिया आणणार, आताच सांगून ठेवते."

गोदा रात्रभर तळमळली. सकाळी तिने पांढरा तांदूळ व्यापाऱ्याकडे साध्या भावाने उतरवला आणि श्रुतीला फोन लावला. "बियाणं भरडणार नाय. लाल पुढच्या साली देते. थांबशील?"

"सांगू शकत नाही, ताई."

गोदाने कणगी उघडली. घरोघरचे वाटे काढले. बाकीच्या बायका मुकाट्याने घेऊन गेल्या. मालनचा वाटा संध्याकाळपर्यंत ओटीवरच पडला होता. तेव्हा तो तिने स्वतः डोक्यावर घेतला आणि मालनच्या दारात आदळला.

"घेऊन जा गो तुझं!"

"नाय नेत. पेर, नायतर कोंबड्यांना घाल," गोदा म्हणाली आणि मागे न बघता चालू लागली.