नोटीस बोर्डावरची सरळ रेघ

चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये जाऊन कामगारांचे ईसीजी काढणं हे माझं काम. अनोळखी माणसं समोर शर्ट काढून झोपतात आणि मनातलं सगळं बोलून टाकतात. मग किस्से साचणार नाहीत तर काय! पण गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत जे झालं, ते मी अजूनही माहेरी गेले की सांगते.

*

पहिलाच नंबर इलेक्ट्रिशियन लहूभाऊंचा. हातापायांना तारा लावल्या तसे ते ताडकन उठून बसले.

“ताई, अर्थिंग तपासलं का?”

“भाऊ, मशीन करंट देत नाही. तुमच्या हृदयात प्रत्येक ठोक्याला जरा वीज तयार होते, तिची फक्त नोंद करतं.”

“किती व्होल्ट?”

“साधारण एका व्होल्टचा हजारावा भाग.”

लहूभाऊंचा चेहराच पडला. “वीस वर्षं चारशे चाळीसवर काम करतोय राव, अन् आत एवढंच?”

*

मग क्वालिटीचे देशमाने साहेब. त्यांचा ईसीजी चालू असताना केबल मशीनमधून निसटली आणि कागदावर सरळ रेघ आली. तो कागद मी टोपलीत टाकला, केबल बसवून दुसरा काढला. छान होता, चढउतार जिथल्या तिथं.

साहेबांनी टोपलीतला कागद उचलला आणि खिशातून मोजायला व्हर्नियर काढला!

“मॅडम, तुमच्या नव्या कागदात केवढं व्हेरिएशन! हा बघा, झिरो डिफेक्ट.”

“साहेब, माणूस गेल्यावर असा येतो.”

“पण व्हेरिएशन नाही ना!”

दुपारी तो कागद नोटीस बोर्डावर. वर साहेबांचं नाव, खाली हिरवा शिक्का: ‘मास्टर सॅम्पल’. कंपनीत प्रत्येक पार्टचा एक नमुना पास करून टांगतात, मग ईसीजीचा का नको!

*

त्यानंतर जो तो आधी बोर्ड बघून यायचा. एकजण तर दम कोंडून लालबुंद झाला. दुसऱ्याने स्वतःचा कागद बघितला आणि शांतपणे विचारलं, “ताई, रीवर्क होईल का?”

*

सदानाना फोर्कलिफ्ट चालवायचे. शेजारच्याच गावचे, रिटायरमेंटला एक वर्ष राहिलेलं. रिपोर्टमध्ये खोट निघाली तर फोर्कलिफ्ट काढून गेटवर बसवतील, ही त्यांना धास्ती. मला फार वाईट वाटलं.

कागद बाहेर आला. नाना बघतच राहिले.

“पोरी, लई खालीवर हाय गं. गेली म्हन की माझी गाडी!”

मी कागद आमच्या डॉक्टर मॅडमकडे दिला. त्या हसल्या. “नाना, खालीवर आहे म्हणून तर तुम्ही आहात. फिट! खुशाल चालवा गाडी.”

“अन् बोर्डावरलं ते सरळ?”

“तसं आलं म्हणजे माणूस गेला.”

नानांनी शर्टाची बटणं लावली आणि निघून गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर अख्खी फर्स्ट शिफ्ट नोटीस बोर्डासमोर हेल्मेट काढून उभी. मास्टर सॅम्पलला नानांच्या फोर्कलिफ्टवरचा झेंडूचा हार, खाली उदबत्ती. सगळ्यात पुढे नाना, हात जोडून.

एवढ्यात मागून देशमाने साहेब आले. गर्दी बघून त्यांनीही हेल्मेट काढलं, वाट काढत पुढे गेले आणि हळूच म्हणाले,

“नाना, कोण गेलं हो?”