बाबांसाठी लावलेला टेप

पुलगावात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझा एक मित्र जीपमधून सवाऱ्या नेत असे. त्याच्या वडिलांचा जन्म कापडगिरणीत मागावर गेला आणि त्या खडखडाटात त्यांचे कानही गेले. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मित्र म्हणाला, "जीपमदे असा टेप बसवून दे, का बाबाले गानं ऐकू आलं पाह्यजे."

मला ते पटत नव्हतं, पण त्याला नाही म्हणवेना. सगळा उन्हाळा आम्ही जीपमध्ये वाकून काढला. सीटखाली लाकडी खोकी ठोकून त्यांत मोठाले स्पीकर बसवले, जादा बॅटरी जोडली, ॲम्प्लिफायर मीच बांधला. आवाज वाढवला की फ्यूज उडायचा. पुन्हा सगळं खोलायचं, पुन्हा जोडायचं. पाठ मोडून जायची.

शेवटी एका दुपारी आम्ही वडिलांना पुढच्या सीटवर बसवलं. मित्रानं कॅसेट लावली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. समोरची काच थरथरली, गल्लीतली कुत्री पळाली. वडील मात्र शांत बसून होते. मग सीटवर हात टेकवून ते मुलाला म्हणाले, "गाडी काऊन हालून राह्यली बे? मिस्तरीले दाखवजो."

मित्रानं टेप बंद केला. वडील उतरून घरात गेले.

"काढून टाक सारं," तो म्हणाला.

माझ्यात पाना उचलायचंही बळ नव्हतं. "उद्या काढू," मी म्हटलं.

ते काढायचं राहूनच गेलं. लग्नसराईत वरातीसाठी त्याच जीपला मागणी येऊ लागली, आणि मित्र कानांत कापसाचे बोळे घालून ती चालवू लागला.