एर्लिंदाबाईंचं गॅरेज आणि पर्यायी उमेदवार

दिनांक १८ एप्रिल २०१५. रोख चारशे चोवीस पेसो, तीस किलोच्या एका गॅस सिलिंडरचे. त्या संध्याकाळी राष्ट्रीय संसदेचा एक उमेदवार उशी काखेत मारून माझ्या मागच्या खोलीत राहायला आला. गरम पाण्याशिवाय त्याची आंघोळ होत नसे, म्हणून सिलिंडर. निम्मे पैसे तो देणार असं ठरलं.

त्याला घराबाहेर काढणारी बाई त्याची सासू, आणि मला लिहायचं आहे ते तिच्याविषयी.

एर्लिंदाबाई सामुदियो माझ्या समोर राहतात. खुर्च्या, टेबलं आणि ताडपत्र्या भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. आमच्या लास लोमास वस्तीत बारसं असो, पोरीचा पंधरावा वाढदिवस असो की मेलेल्या माणसासाठी नऊ दिवसांची प्रार्थना, बसायला खुर्ची त्यांचीच असते. मोजून देतात, मोजून परत घेतात. मी हिशेबनीस; माझं त्यांच्याशी जमतं ते त्यामुळे.

त्यांचे यजमान आबुंदियो यांनी १९९१ साली आपलं गॅरेज मतदान केंद्रासाठी दिलं. तेव्हापासून दर तीन वर्षांनी एका रविवारी आमची अर्धी वस्ती त्या गॅरेजात मत देते. आबुंदियो गेल्याला बरीच वर्षं झाली. खुर्च्या वाहून न्यायची त्यांची लांबलचक हिरवी मोटार मात्र गॅरेजातच आहे. ती चालू होत नाही आणि बाई ती विकत नाहीत. त्यामुळे मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ती ढकलत बाहेर काढावी लागते, आणि ढकलायला सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट येतात. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या डिकीवर खांद्याला खांदा लावतात. स्टिअरिंगवर जावई बसतो, म्हणजे विल्फ्रिदो.

राष्ट्राध्यक्षाची निवडणूक असली की रांग कोपऱ्यापर्यंत जाते. मधल्या निवडणुकीत तसं नसतं. फक्त खालच्या सभागृहाचे पाचशे प्रतिनिधी निवडायचे असतात आणि लोकांना रविवारची झोप प्यारी असते. मग म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि माझ्यासारखे नियमाने वागणारे, एवढेच येतात. तेही केंद्र दारात आहे म्हणून.

विल्फ्रिदो माध्यमिक शाळेत कवायत शिकवतो. त्या मार्चमध्ये त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे चर्चमध्ये बारशाला तिची जबाबदारी घेतलेला माणूस, त्याच्याकडे कॉफी प्यायला आला. तो एका छोट्या पक्षाचं काम करायचा. आमच्याकडे प्रत्येक उमेदवाराच्या मागे एक पर्यायी उमेदवार नोंदवावा लागतो, आणि अर्ज भरायची मुदत संपत आली तरी त्यांना तो मिळाला नव्हता. "नुसतं नाव हवंय, बाकी काही करायचं नाही," तो म्हणाला. आपल्या लेकीच्या धर्मपित्याला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. विल्फ्रिदोने सही केली.

एर्लिंदाबाईंना हे समजलं तेव्हा मी त्यांच्याकडे भाड्याच्या पावत्या जुळवत बसलो होतो.

"संसदेत? तुम्ही? जावईबापू, तुम्हाला साधी ताडपत्री सरळ बांधता येत नाही."

"आई, मी पर्यायी आहे. मुख्य माणूस निवडून आला आणि मग मेला, तरच मला जायचंय."

"म्हणजे दोन चमत्कार लागतील. बसा, जेवा."

विषय तिथे संपला असता, पण एप्रिलमध्ये त्रांकिलिनोकाका आले. वय एक्याऐंशी. पहिल्या निवडणुकीपासून ते त्या गॅरेजात दुसऱ्या एका पक्षाचे एजंट म्हणून बसत आलेत आणि बाईंनी त्यांची खुर्ची वेगळी ठेवलेली आहे, हातांची. ते आले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "एर्लिंदे, मी तुझ्या गॅरेजावर हरकत घेतोय. उद्या."

"कॉफीत दालचिनी घालू की नको?"

"घाल. नियम असा आहे की ज्या घरात उमेदवार राहतो, तिथे मतदान केंद्र ठेवता येत नाही. पर्यायी असला तरी उमेदवारच तो."

"आणि केंद्र जाणार कुठे?"

"टेकडीवरच्या शाळेत."

शाळेच्या पायऱ्या तरुण माणसालाही मध्ये थांबायला लावतात. मी काकांच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"काका, तुम्हाला तरी चढवणार आहेत का त्या पायऱ्या? मग हरकत घेताच कशाला?"

"मी नाही घेतली तर दुसरा कुणी मोजणी झाल्यावर घेईल, हिशेबनीस. तेव्हा अख्खी पेटी रद्द होईल. आमच्या आणि तुमच्या, सगळ्यांच्याच मतांवर पाणी. आत्ता घेतली तर निदान दुरुस्त करायला वेळ आहे."

हे बरोबर होतं. बाईंनी कॉफी ओतली आणि गोड पावाची टोपली त्यांच्यासमोर सरकवली.

"तपासायला कधी येतील?"

"मतदारसंघाची समिती बुधवारी येणार."

"बुधवारी या घरात उमेदवार नसेल."

काका गेल्यावर त्या गॅरेजात जाऊन मोटारीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "हिशेबनीस, माझ्या घरी माणसं दोनच कारणांनी येतात. कुणी मेलं म्हणून नाही तर कुणाचं लग्न ठरलं म्हणून, आणि दोन्ही वेळा खुर्च्या घेऊन निघून जातात. तीन वर्षांतून एकदाच असं होतं की खुर्च्या इथेच राहतात आणि माणसं येतात. तो दिवस मी टेकडीवर जाऊ देणार नाही."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी जावयाच्या ताटात तळलेली केळी वाढली आणि विचारलं, "तर मग, उमेदवारी सोडताय की घर?"

विल्फ्रिदोने बायकोकडे बघितलं. नोएमी औषधांच्या दुकानात काम करते आणि तिला लवकर निर्णय घ्यायची सवय आहे.

"धर्मपित्याला दिलेला शब्द मागे घेता येत नाही," ती म्हणाली. "समोर हिशेबनिसांची मागची खोली रिकामी आहे. कपडे मी बांधून देते."

"तू माझ्या बाजूची की आईच्या?"

"मी गॅरेजच्या बाजूची. मला पण पायऱ्या चढायच्या नाहीयेत."

अशा रीतीने तो माझ्याकडे आला. बुधवारी समितीची तीन माणसं आली, सोबत आमच्या भागात मतदानाचं काम शिकवणारी प्रशिक्षिका इत्सेल. तो माझ्याकडे राहतो असं मी लिहून दिलं. त्यांनी सासूच्या घरातलं कपाट उघडून बघितलं. आत बायकांचे कपडे, आणि खिळ्याला एक कवायतीची शिट्टी.

"ही कुणाची?" समितीतल्या एकाने विचारलं.

"माझी," एर्लिंदाबाई म्हणाल्या. शिट्टी काढून गळ्यात घातली. "खुर्च्या उचलणारी पोरं शब्दाने ऐकत नाहीत."

केंद्र गॅरेजातच राहिलं. हरकत निकाली निघाली.

त्यानंतर बाईंनी जावयाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. जेवण मात्र तुटलं नाही. रोज संध्याकाळी फुटपाथवर एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या जायच्या, आणि नोएमी त्याच्यासमोर जेवायला बसायची. लग्नाला अकरा वर्षं झालेली ती दोघं रस्त्याच्या दिव्याखाली हसत बसायची. येणारेजाणारे विचारायचे, "लग्न कधी?" बाई दारातून उत्तर द्यायच्या, "ठरलं की सांगते. खुर्च्या माझ्याकडूनच घ्या."

मे महिन्यात इत्सेल माझ्या दारात आली. केंद्रावर बसायला मतदारांमधून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडतात, त्यात माझं नाव आधीच निघालं होतं आणि मी प्रशिक्षणही घेतलं होतं. आता नेमणुकीचं पत्र होतं: मी केंद्राध्यक्ष. मला आनंद झाला. मग तिने पुढचं सांगितलं. मतदानाच्या आठवड्यात मतपत्रिका, शाई, पेटी हे सगळं सामान केंद्राध्यक्षाच्या घरी पोचतं आणि रविवारपर्यंत त्याच्याच ताब्यात राहतं.

मी मागच्या खोलीकडे बघितलं. आत विल्फ्रिदो उठाबशा काढत होता.

मी आयुष्यभर हिशेब लिहिले. तिजोरी आणि तिजोरीवर दावा सांगणारा माणूस मी एका छपराखाली ठेवत नाही. आमच्या गल्लीतल्या कुणालाही त्याच्यावर शंका आली नसती, पण शंका नसणं आणि शंकेला जागा नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्याला सांगितलं.

"तुम्ही पण काढता मला?" तो म्हणाला. "मी एकही भाषण केलं नाही, हिशेबनीस. एक पत्रक वाटलं नाही. आणि दोन घरांतून बाहेर."

एर्लिंदाबाईंचा चेहरा पहिल्यांदा उतरला. त्याला कुठे ठेवायचं हे त्यांना सुचेना. जवळच्या दोन घरांत कुठल्या ना कुठल्या पक्षाची माणसं, तिसऱ्यात पाहुणे. शहरात पाठवलं तर रोजची शाळा बुडणार, आणि परत घरात घेतलं तर टेकडी. हे सगळं फुटपाथवरच्या टेबलाशी चाललं होतं. त्रांकिलिनोकाका काठी टेकत आले, ऐकत उभे राहिले.

"माझ्याकडे येऊ दे," ते म्हणाले.

"तुमच्याकडे? हरकत तुमचीच होती," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच. विरोधी पक्षाच्या घरात त्याच्यावर जेवढी नजर राहील तेवढी कुठेच राहणार नाही. आता यावर कोण हरकत घेतंय ते बघू." मग विल्फ्रिदोला म्हणाले, "घोरतोस का रे?"

"थोडंसं."

"मी बहिरा आहे. चालेल."

मतदानाच्या आठवड्यात, सोमवारी सामान आलं. मी सही करून घेतलं आणि खोलीला कुलूप लावलं.

शनिवारी संध्याकाळी मोटार बाहेर काढायची वेळ झाली. एजंट जमले, बाह्या वर केल्या. स्टिअरिंगवर कुणी नव्हतं. विल्फ्रिदो त्रांकिलिनोकाकांच्या दारात खिशात हात घालून उभा होता, उंबऱ्याचा नियम त्याने शेवटपर्यंत पाळला. एजंट एकमेकांकडे बघू लागले, कारण स्टिअरिंग एका पक्षाच्या हातात द्यायचं तर दुसऱ्याने का नाही?

एर्लिंदाबाईंनी ॲप्रन काढला, दार उघडलं आणि आबुंदियोंच्या जागेवर बसल्या. मी त्यांना तिथे कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. चार पक्ष एकदम वाकले. मोटार धक्क्याने सुटली, उतारावर आली, बाईंनी चाक वळवलं आणि ती माझ्या दारासमोर फुटपाथला लागून नीट उभी राहिली.

त्या लगेच उतरल्या नाहीत. दोन्ही हात चाकावर होते.

"ब्रेक अजून लागतो," त्या म्हणाल्या.

रविवारी आठ वाजता आम्ही केंद्र उघडलं. म्हातारी माणसं आली, बाळंतिणी आल्या, कॉफीच्या वासाने आणखी काही आले. विल्फ्रिदो दुपारी रांगेतून आला. मी यादीत त्याचं नाव शोधलं, मतपत्रिका दिली, अंगठ्याला शाई लावली. एर्लिंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त रस्त्याकडे बोट दाखवलं आणि तो मत टाकून निमूट बाहेर गेला.

सहाला दार बंद केलं. उरलेल्या मतपत्रिकांवर दोन तिरक्या रेघा मारून त्या बाद केल्या. हे काम मला फार आवडलं. मोजणी हातांनी झाली, प्रत्येक मत सगळ्यांना दाखवून. विल्फ्रिदोच्या पक्षाला आमच्या पेटीत अकरा मतं पडली. त्याला वाटलं होतं, चार पडतील. काकांनी एकाही मतावर हरकत घेतली नाही. निकालाचा मोठा कागद मी गॅरेजच्या दारावर लावला आणि मतपत्रिकांचं सीलबंद पाकीट समितीच्या कचेरीत पोचवलं.

सोमवारी सकाळी मोटार परत आत घ्यायची होती. यावेळी विल्फ्रिदो मागून ढकलत होता. त्याची उशी मागच्या सीटवर होती आणि चाकावर सासूबाईच होत्या. स्टिअरिंग त्यांनी त्याला परत दिलं नाही, आजतागायत नाही.

मोटार जागेवर लागली. त्यांनी खाली उतरून शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली.

"चला जावईबापू, आत या. आणि आधी त्या खुर्च्या पुसा, बुधवारी बारसं आहे."

त्याचा मुख्य उमेदवार पडला. तो ठणठणीत आहे. गॅरेज पुढच्या निवडणुकीच्या यादीतही आलं. काका अजून म्हणतात की विल्फ्रिदोचं घोरणं त्यांना ऐकू आलं होतं.

सिलिंडरचे निम्मे, दोनशे बारा पेसो, विल्फ्रिदोकडून अजून यायचे आहेत.