एवढंसं म्हणजे किती?

नलूकाकूंचं नाव सगळ्यात आधी लिहितो. वसईजवळ वटारला त्यांच्या केळीच्या वाडीत, पंपाशेजारच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो आणि बी.कॉम. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मंडणगडच्या शाळेतून बारावी होऊन मी वसईत आलो, तेव्हा काकूंनी मला केळीचे घड तोलायच्या काट्यावर उभं केलं होतं. सत्तेचाळीस किलो भरलो. "तीन घडांएवढासुद्धा नाहीस रे," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन ताट वाढून आणलं.

चोवीस वर्षांनी मी एकशे अडतीस किलोंचा झालो. त्यात काकूंचा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आजार कळला तो छातीच्या डॉक्टरांकडे. मी गेलो होतो घोरण्याची तक्रार घेऊन, तीही माझी नव्हे, बायकोची. डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला सांगितली. म्हणजे बोटाला, छातीला आणि नाकाला तारा लावून झोपायचं आणि झोपेत श्वास कसा चालतो ते यंत्रानं टिपायचं. अहवाल वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तासाला चौपन्न वेळा तुमचा श्वास थांबतो. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. गळ्याभोवतीच्या चरबीनं श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून जागा होतो, की पुन्हा श्वास सुरू. म्हणजे तुम्ही झोपताच कुठे? दिवसा डुलकी लागते का?"

सुजाता, माझी बायको, म्हणाली, "सांगा ना. ईशाचं सांगा."

ईशा आमची मुलगी, बारा वर्षांची. दोन आठवड्यांपूर्वी तिला क्लासला सोडताना गोखिवऱ्याच्या नाक्याजवळ चालत्या स्कूटरवर माझा डोळा लागला होता. उभ्या टेम्पोवर जाऊन आदळलो. तिचं कोपर सोलवटलं, इतकंच झालं. रस्ता ओला होता असं मी घरी सांगितलं होतं. पण ती मागे बसलेली होती आणि माझी मान पडलेली तिनं पाहिली होती.

"ट्रीटमेंट लागू पडेपर्यंत गाडी बंद," डॉक्टर म्हणाले. मग रक्ततपासण्या झाल्या. मधुमेह निघाला, रक्तदाब निघाला. रात्री नाकाला लावायचं सीपॅप नावाचं हवेचं यंत्र मिळालं. ते हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवतं. पण मुळावर उपाय हवा म्हणून त्यांनी मला बॅरिॲट्रिक सर्जनकडे, म्हणजे वजन कमी करायच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

सर्जन कमी बोलणारे होते. कागदावर पोटाचं चित्र काढून त्याचा मोठा भाग पेनानं खोडला. "याला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी म्हणतात. जठराचा बराचसा भाग काढून टाकायचा, उरते ती केळ्यासारखी नळी. पण मी पोट लहान करून देतो, सवयी नाही. त्या तुम्ही आधी बदलून दाखवायच्या. मग तारीख देतो."

आपण जाऊन झोपायचं आणि बारीक होऊन उठायचं, असं मला वाटत होतं. ही शस्त्रक्रिया करून घेणार असाल तर ध्यानात ठेवा, तयारीच मोठी असते. माझी चार महिने चालली. एंडोस्कोपी झाली, म्हणजे घशातून नळी घालून जठर आतून पाहिलं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. भुलीच्या डॉक्टरांनी सीपॅप रोज लावायची सक्त ताकीद दिली. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा मला राग आला होता. मी वेडा आहे का? त्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "भूक नसताना तुम्ही कधी जेवता?" मी म्हणालो, कुणी वाढलं की. त्यांनी ते लिहून घेतलं.

खरी परीक्षा आहारतज्ज्ञांकडे झाली. नायगावहून येणारी तिशीच्या आतली मुलगी. पंधरा दिवस जेवण वहीत लिहून आणा म्हणाली. मी एकरेघी वही घेतली, समास आखला आणि रोज लिहिलं. मला वहीचा अभिमान वाटत होता. तिनं पानं उलटली.

"सर, यात चहा कुठंय?"

"तुम्ही जेवण लिहायला सांगितलंत."

"दिवसाला किती होतात?"

"पाच-सहा."

"वडापाव?"

"तो जेवणात नाही ना धरत."

ती हसली नाही. मुलीच्या ताटातलं उरलेलं, कढईच्या तळाची भाजी, सत्यनारायणाचा शिरा, कारखान्याच्या गाळ्यातल्या कुणाचा वाढदिवस. एकेक विचारून घेतलं. मग वही माझ्याकडे फिरवली. "आणि हे बघा. 'एवढंसं श्रीखंड', 'एवढासा भात', 'एवढंसं फरसाण'. सर, एवढंसं म्हणजे किती? माझ्या तक्त्यात हे माप नाही."

शेजारी बसलेली सुजाता म्हणाली, "माझ्या तक्त्यात आहे. एक वाटी, वर शीग."

त्या दिवसापासून मापाला वाटी, चमचा आणि वजनकाटा आला. घास वीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास थांबायचं. सुरुवात डाळ, अंडं, मासळी यांनी, भात शेवटी. चहा दोनदा, बिनसाखरेचा. संध्याकाळी गाळा बंद झाला की चालत घरी. मी गोखिवऱ्याला पॅकिंगच्या खोक्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, दिवसभर खुर्चीवर. माझा सहकारी राणे म्हणाला, "साहेब, आता पार्टीत तुमच्या वाटणीचं आम्ही खायचं की घरी न्यायला डबा आणायचा?" मी म्हटलं, तूच खा, पण मागून डॉक्टरांकडे माझ्याच रांगेत येशील. तो दुसऱ्या दिवसापासून चहात साखर कमी घ्यायला लागला.

तीन महिन्यांत सहा किलो उतरले. तारीख मिळाली. आता शेवटचे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ: प्रोटीनची पावडर, ताक, गाळलेलं सूप. याला लिव्हर श्रिंकेज डाएट म्हणतात. कमी साखर-पिठानं यकृत आकसतं आणि दुर्बिणीतून जठरापर्यंत पोहोचता येतं. सर्जननी सांगितलं, "या दोन आठवड्यांत सूट नाही."

पाचव्या दिवशी मी वटारला गेलो. ऑपरेशनआधी काकूंच्या पाया पडायचं होतं. सुजाता म्हणाली, "फोनवर पडा." पण असं कसं चालेल? मी रिक्षानं गेलो. ओटीवर बसलो. घरच्यांशी काकू त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी. मी तोंड उघडण्याआधी ताट समोर आलं.

"काकू, माझं जरा पथ्य आहे."

"असू दे. पथ्य उद्यापासून. एवढंसं घे."

"खरंच नको."

"तोंड बघ कसं सुकलंय. सुजाता वाढत नाही का तुला? एवढंसं रे. माझ्यासाठी."

मी जेवलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात. ऑपरेशनचं सांगितलंच नाही. निघताना त्यांनी सुकेळ्यांच्या दोन पुड्या पिशवीत टाकल्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती ही सुकेळी. वाडीत अजून काकू स्वतः करतात. त्या पुड्या मी गाळ्यातल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि रोज एक-दोन खाल्ली. फळच आहे, सुकलेलं आहे, एवढंसं आहे. आणि टाकायचं कसं? त्यांनी दिलेलं.

वहीत लिहिलं नाही. या लेखातली सगळ्यात लाजिरवाणी ओळ हीच.

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी वजन आणि साखर पाहिली, सोनोग्राफी पुन्हा झाली. सर्जननी तिन्ही कागद शेजारी मांडले. "काय खाल्लंत?"

"काही नाही."

"वजन दोन आठवड्यांत एकच किलो उतरलंय. साखर वर आहे. यकृत आहे तिथंच, जठरावर झाकणासारखं बसलेलं. खोटं माझ्याशी बोलून काय मिळेल? उद्या टेबलावर मी झाकण उचलायला गेलो आणि ते फाटलं, तर रक्त तुमचं जाणार."

मी सुकेळी सांगितली. आहारतज्ज्ञ मुलगी दारात उभी होती. तिला सुकेळी ठाऊक होती, वसईकडचीच ती. "सर, साखरेच्या कांड्या खाल्ल्यात तुम्ही," एवढंच ती म्हणाली.

शस्त्रक्रिया पुढे गेली. सर्जन म्हणाले, "पुन्हा दोन आठवडे. या वेळीही असंच झालं तर मी करणार नाही. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात कुणी आग्रह करून भाकरी खाऊ घातली, तर टाके उसवतात. नाही म्हणता येत नसेल, तर हे पोट तुमच्यासाठी नाही."

घरी आल्यावर दार उघडताना सुजाता म्हणाली, "पोट कापून घ्यायला तयार आहात, पण एका म्हातारीला नको म्हणता येत नाही." ईशा आत अभ्यास करत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे अजून मी रिक्षानंच जायचं?" तक्रार नव्हती. तिला फक्त माहिती हवी होती.

काकूंना फोन करायचं ठरवलं. पण त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि समोर गेलो की ताट येणार. मग मी तीच एकरेघी वही घेतली, मागचं कोरं पान फाडलं आणि पत्र लिहिलं. गोखिवऱ्याहून वटारला पोस्टानं पत्र पाठवतोय म्हणून सुजाता बऱ्याच दिवसांनी हसली.

उत्तर आलं नाही. मला वाटलं, दुखावल्या. तरी ते दोन आठवडे मी एकही ओळ न लपवता वही लिहिली. वजन पाच किलोंनी उतरलं. सर्जननी सोनोग्राफी पाहून "ठीक" असा एकच शब्द काढला.

शस्त्रक्रियेचं फार सांगण्यासारखं नाही. पोटावर पाच लहान छिद्रं, खांद्यात गॅसचं दुखणं, संध्याकाळीच नर्सनं उठवून चालायला लावलं. दुसऱ्या दिवशी जठराच्या नव्या नळीची तपासणी झाल्यावर औषधाच्या टोपणानं पाणी दिलं. तीन टोपणांत पोट भरलं. मी टोपणाकडे बघत राहिलो. एवढंसं म्हणजे किती, ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत नलूकाकू आल्या. पुतण्यानं गाडीतून आणलं होतं. पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या, दोन्ही तळवे उघडून माझ्यापुढे धरले. पिशवी नव्हती, डबा नव्हता. "बघ," म्हणाल्या. "काही आणलं नाही." चोवीस वर्षांत मी त्यांचे हात पहिल्यांदा रिकामे पाहिले. मग त्यांनी विचारलं, "पाणी तरी चालतं ना?" आणि नर्सला विचारून एक टोपण भरून दिलं.

याला आता आठ महिने झाले. वजन अठ्ठ्याण्णव आहे. फेरतपासणीत श्वास थांबणं जवळजवळ गेलं, यंत्र डॉक्टरांनी परत करायला सांगितलं. साखरेची एक गोळी राहिली आहे, जीवनसत्त्वांच्या जन्मभर राहतील. कधी घाईत दोन घास जास्त गेले तर उलटी होते. केस गळले, परत येत आहेत. पोट लहान झालं तरी सवय हळूच मागे येते, म्हणून वही चालू आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून ईशाला मीच सोडतो. ती मागून अधूनमधून खांद्यावर थापटते. मी जागा आहे का, ते बघते.

सर्जन, भुलीचे डॉक्टर, नर्सेस, नायगावची ती मुलगी, सगळ्यांचे उपकार आहेत. पण नको म्हणायला मला ज्यांनी मोकळं केलं, त्या काकू. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असंच प्रेमानं वाढणारं माणूस असेल, आणि तोंडानं बोलता येत नसेल, तर लिहून कळवा. मी काय लिहिलं होतं, ते काकूंना विचारून खाली देतो.

ती. नलूकाकूंस,

सा. न. वि. वि.

मागच्या खेपेला आलो तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली. खरं म्हणजे सांगायलाच आलो होतो, पण जेवलो आणि निघालो. माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. वजनामुळे झोपेत माझा श्वास अडतो. ईशा मागे बसलेली असताना मला गाडीवर झोप लागली होती. ती वाचली. पुन्हा वाचेल असं नाही.

तुम्ही दिलेली सुकेळी मी चोरून खाल्ली, म्हणून ऑपरेशन पुढे गेलं. चूक माझी आहे. नको म्हटलं तर तुम्हाला वाटेल, पोरगा मोठा झाला, आता आपलं अन्न गोड लागत नाही. तसं नाही, काकू. तुमच्या ताटावर मी शिकलो. बी.कॉम.चा निकाल घेऊन आधी तुमच्याकडेच आलो होतो, घरी नंतर कळवलं. ते अन्न माझ्या अंगात आहे, ते कुठलाही डॉक्टर काढू शकत नाही.

ऑपरेशन होईपर्यंत मी वटारला येणार नाही. आलो तर जेवीन, मला माहीत आहे. तुम्ही दवाखान्यात आलात तर काही आणू नका. नुसत्या या.

बरा झालो की येईन. तेव्हा मोठं ताट काढू नका. देवाच्या नैवेद्याची ती लहान वाटी आहे ना, तिच्यात वाढा. मी सावकाश जेवीन, तुमच्याशी बोलत बसेन. उरलं तर उरू द्या, रागावू नका. आणि एकदा मला त्या केळीच्या काट्यावर पुन्हा उभं करा.

मला एवढंसंच वाढा, काकू. या वेळी खरंच एवढंसं.

तुमचा,
संतोष