पंचफुलाचं जळकं तेल

नांदुऱ्याच्या जिनासमोर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यासमोर, पंचफुला भजे तळायची आणि खाणाऱ्यांच्या डोक्याला ताप द्यायची. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. कापसाच्या बैलबंड्या जिनाबाहेर रांगेनं उभ्या असत आणि बंडीवाले भुकेनं कावलेले. पण हिच्याकडे खायचं तर हिच्या तऱ्हेनं. हात धुऊन ये, पळसाच्या पानावर खा, आणि ते पान फेकू नको बाबा, तिकडे म्हशीपुढे टाक. चूल पेटायची ती पऱ्हाटीवर, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या काड्यांवर. राख भांड्यांना. "कचरा म्हंजे आळशी माणसाची कमाई," असं ती ठणकावून सांगायची. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या एका कढईवर चाललं होतं, आणि कढई चालली होती तिच्या स्वच्छपणाच्या नावावर.

तेलाच्या बाबतीत तर बाई कर्दनकाळ. सकाळी तेलघाण्यावरचं ताजं तेल कढईत, संध्याकाळी जळकं झालेलं डब्यात. ते पुन्हा चुलीवर चढणार नाही, मेलं तरी नाही. पण फेकायचंही नाही. बंडीच्या आसाला वंगण म्हणून ती ते फुकट देऊन टाकायची. शालिग्राम नावाचा बंडीवाला न चुकता यायचा, "वयनी, वयनी" करत गोड बोलायचा आणि डबा भरून न्यायचा.

एका दुपारी ह्याच शालिग्रामची बंडी जिनाच्या फाटकात वळली आणि चाकं अशी करकरली की कान किटले. पंचफुलाच्या हातातला झारा थांबला. ती उठली, चाकापाशी वाकली, आसावर बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत! तेलाचा टिपूस नाही, नुसता गंज.

"काऊन रे शालिग्राम, माह्यं तेल कुठं जाऊन राह्यलं?"

शालिग्राम डोकं खाजवू लागला. "अवो वयनी, थे... साळ्याले देतो. निवृत्तीले. मोटारस्टँडवर भजे काढते तो."

पंचफुलाच्या मस्तकात तिडीक गेली. पदर खोचला आणि तशीच निघाली मोटारस्टँडवर. पाहते तर काय, कढईत काळंकुट्ट तेल, वर पिवळा फेस, धुरानं घसा धरलेला, आणि निवृत्ती कपाळाचा घाम कढईत गाळत ओरडतोय, "या, या! पंचफुलाबाईच्या तेलातले भजे!" शी शी शी! भजे रद्दीच्या कागदावर, कागदाची शाई भज्यांना लागलेली, आणि बोटं चाटत खाणारे कोण? तिचीच दोन नेहमीची गिऱ्हाइकं!

ती निवृत्तीवर कडाडली. "मुडद्या, आसाले लावाचं तेल हाय थे! माणसाले चारून राह्यला?"

निवृत्ती लाज कोळून प्यालेला. "चिडता काऊन बाई? तुमीच त म्हणता, काई वाया जाऊ देऊ नये. मंग म्या कुठं वाया जाऊ देलं?"

लोक फिदीफिदी हसले. खाणाऱ्यांतला एक तोंड पुसत म्हणाला, "तेल त तुमचंच हाय ना बाई? मंग चांगलंच असंल."

पंचफुला थुंकली. तिथंच, कढईच्या पुढ्यात. आपलं नाव त्या फेसात तळून लोकांना चारलं जातंय, आणि लोक ते चवीनं खातायत! परतताना वाटेत तिला दोनदा कोरड्या उलट्या आल्या.

संध्याकाळी तिनं दिवसाचं जळकं तेल उचललं आणि सरळ नालीत ओतलं. जन्मात पहिल्यांदा तिनं काही वाया घालवलं. तेवढ्यात म्हातारा रहेमतुल्ला आपला डबा घेऊन आला. तोही बंडीवाला, पण त्याच्या बंडीचं चाक कधी कुरकुरलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"सांडलं चाचा. आता रोजच सांडीन."

"मले देलं असतं बेटी. माह्या आसाले हात लावून पाह्य, तेलच दिसंल."

ते तिला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "तुमच्याबी घरी साळा असंल ना चाचा."

म्हाताऱ्यानं रिकामा डबा उचलला. त्या दिवशी त्यानं भजेही घेतले नाहीत. बैल जुंपले आणि निघाला. पंचफुलाला हाक मारायची होती, पण घशात अजून त्या धुराचा खवट वास बसला होता. हाक निघेपर्यंत बंडी वळून गेली, जराही आवाज न करता.