पंचम चुकना

युकुलेले मी घेतलं त्यात संगीताचा भाग थोडा, जीपचा जास्त. मी धडगावला शाळेत गणित शिकवतो आणि शनिवारी घाट उतरून कळसाडीला घरी येतो. शेअर जीपमध्ये बाजाची पेटी मांडीवर घेतली तर शेजारच्याला टपावर जावं लागेल. गिटारचं हे चार तारांचं पिल्लू मात्र शालीत गुंडाळलं की तान्हं मूल वाटतं. पहिल्याच खेपेला एका म्हातारीने सरकून जागा दिली आणि मुलाचं तोंड उघडं ठेवा म्हणून दटावलं. मी शाल बाजूला केली. खुंट्या पाहून तिने शहाद्यापर्यंत माझ्याकडे पाठ फिरवली.

वाजवायचं होतं नानांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. भजनी मंडळाची पेटी त्यांनी आयुष्यभर वाजवली. मला शिकवायचाही प्रयत्न केला; त्यातलं 'गाढव' एवढंच माझ्या लक्षात राहिलं. मागच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्यासमोर वाजवत जा, सुराला धरून कधी कधी शब्द बाहेर येतो; पण जे यायचं ते या काही महिन्यांतच. घरातल्या पेटीला हात लावायची माझी हिंमत नव्हती. नाना खाटेवर असले तरी पेटी त्यांचीच होती.

"हाई काय शे रे? पोरेस्नं खेळणं?" माय म्हणाली.

मी वाजवत राहिलो. नाना छताकडे बघत राहिले. साधे कॉर्ड संपले तेव्हा मी मोबाइलवरून एक नवी सप्तक-पट्टी शोधली: नेहमीचीच, फक्त पाचवा सूर अर्ध्या स्वराने वर चढवलेला. कॉर्ड बांधायची रीत तीच, एक सोडून एक असे तीन सूर उचलून एकत्र छेडायचे. सा, ग, प. ज्यात प नाही ते कॉर्ड जसेच्या तसे राहतात. ज्यात आहे, ते बिघडतात. गंधाराचा उदास कॉर्ड उगाच हसरा होतो, पंचमाचा स्वतःचा आक्रसतो, आणि 'सा'चा कॉर्ड जिना चढताना शेवटची पायरी नसावी तसा अधांतरी राहतो. बोटांना त्रास काही नाही. 'सा'च्या कॉर्डला खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात एक बोट असतंच. वरच्या तारेवर पहिल्या पडद्यात दुसरं टेकवायचं. गणितवाल्याला यात फार मौज वाटली.

एक गोष्ट मात्र गणितवाला विसरला. आपल्याकडे पंचम हलत नाही. रे, ग, म, ध, नी खालीवर होतील. सा आणि प अचल. नानांनी मला पहिल्या दिवशी सांगितलेलं हेच.

शनिवारी मी ऐटीत तो कॉर्ड छेडला. खाटेवरून घोगरा आवाज आला.

"पंचम चुकना!"

माय चुलीपासून धावत आली. "काय बोलना? काय बोलना रे?"

"पंचम चुकला म्हणतात."

"मंग परत चूक ना! चूक मन्हा राजा!"

जन्मभर चुकू नको म्हणणारी माय. मी पुन्हा चुकलो. नानांच्या कपाळावर आठी आली, डावा हात खाटेवर आपटला. "गाढव!" माय पदर तोंडाला लावून रडत हसली. मीही हसलो. इतक्या वर्षांत गाढव म्हणवून घ्यायला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग तोच माझा धंदा झाला. आठवडाभर धडगावच्या खोलीत चुका घोटायच्या आणि शनिवारी घाटाखाली आणायच्या. 'सा'चा कॉर्ड वाजवला की 'पंचम', गंधाराचा वाजवला की 'बेसूर'. एकदा तर पूर्ण वाक्य मिळालं, "पेटी लय, तुले नही जमाव." म्हणजे पेटी आण, तुला जमायचं नाही. मायने पेटी पुसून खाटेशी आणून ठेवली. नानांनी डावा हात तिच्या झाकणावर ठेवला आणि झोपी गेले.

उन्हाळ्यात त्यांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून आणलं तेव्हा ते आणखी हलके झाले होते. डोळे उघडे होते. मी खाटेच्या कडेला बसलो आणि सगळ्यात हमखास चूक वाजवली. 'सा'चा कॉर्ड, वर चढलेला पंचम.

कपाळावर आठी आली नाही. हात जागचा हलला नाही. ओठ मात्र हलले.

"बरं शे."

मायने हातातली वाटी खाली ठेवली. "ऐकं का? तुले बरं शे म्हने! जल्ममा पहिली डाव!" ती शेजारी सांगायला गेलीसुद्धा.

खरंच, 'बरं आहे' हे आयुष्यात पहिल्यांदा. मी वरच्या तारेवरचं बोट उचललं. पंचम आपल्या जागी आला. तोच कॉर्ड सरळ, स्वच्छ वाजवला.

"बरं शे," नाना म्हणाले, अगदी त्याच आवाजात.

ओट्यावरून मायचा आवाज येत होता. ती शेजारणीला सांगत होती की पोराला शेवटी जमलं. मी बोट परत वरच्या तारेवर टेकवलं, जोर लावून, आणि आठी येते का म्हणून नानांच्या कपाळाकडे बघत वाजवत राहिलो.