आत्याचा डावा टाका

आमच्या आत्याला मासा आवडत नाही. ताटातला नाही, टोपलीतला नाही आणि पाण्यातला तर मुळीच नाही. समुद्राशी तिचं वैर इतकं जुनं की आंघोळीच्या बादलीत पाणी हिंदकळलं तरी तिला मळमळतं. तरीही तलवार मासा धरायला जाणाऱ्या धाकट्या काकांच्या बोटीवरचं प्रत्येक आमिष आत्यानेच शिवलेलं असायचं. शिवलेलं म्हणजे खरोखर शिवलेलं: दाभण, मेण लावलेला दोरा आणि टाके. एवढ्या निगुतीने तिने आतोबांच्या सदऱ्याचं एक बटणसुद्धा कधी लावलं नाही, अशी आतोबांची कायमची तक्रार.

आमिष शिवायचं कारण माशाच्या स्वभावात आहे. इतर मासे खाणं दिसलं की तोंड उघडतात. हा आधी तलवार उपसतो. आपल्या लांब, चपट्या चोचीने आमिषावर सपकन वार करतो, ते गप्प झालं अशी खात्री करून घेतो आणि मग सावकाश वळून गिळायला येतो. आता आमिष म्हणजे माकली, हॉटेलवाले जिला स्क्विड म्हणतात ती. ती गळाला नुसती टोचली तर पहिल्याच वाराला सुटते, आणि मासा फुकटचं जेवून निघून जातो. म्हणून गळाची दांडी माकलीच्या पोटातून बरोब्बर मधोमध न्यायची, गळाचं नाक, म्हणजे दोर बांधायची कडी, तिच्या शेंड्याला शिवायचं, मग अंगावर टाके घालत खाली यायचं आणि पाय मोकळे सोडायचे. गळ केसभर जरी बाजूला सरकला तरी माकली पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते, दोराला पीळ बसतो आणि मासा लांबूनच ओळखतो की इथे काहीतरी काळंबेरं आहे.

आमिषं शिवायच्या शेडमध्ये तिच्या टेबलाजवळ एक जुना बाथटब होता. शिवलेलं प्रत्येक आमिष आत्या त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघायची. सरळ आलं तर बर्फाच्या पेटीत. जरा जरी फिरलं तरी उसव. या बाबतीत ती सख्ख्या भावाचंही ऐकत नसे. खरं तर त्याचं मुळीच ऐकत नसे. काका पन्नाशीचे, स्वतःच्या बोटीचे मालक, बंदरावर चार माणसं त्यांना वाट करून देत. आणि ही त्यांना सगळ्यांसमोर ‘धाकट्या’ म्हणून हाक मारणार.

मग गेल्या वर्षी आत्या त्याच शेडमध्ये बर्फाच्या पाण्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. बोटं आखडली. कप धरता येई, दाभण नाही. डॉक्टरांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. तो तिने शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला आणि दाभण डाव्या हातात घेतलं.

सोप्या कामाला लोक डाव्या हाताचा खेळ म्हणतात. त्या लोकांनी बहुधा उजव्या हाताने आयुष्य काढलं असावं. आत्याची डाव्या हाताने शिवलेली पहिली माकली बाथटबमध्ये अशी गरगरली की आतोबा म्हणाले, हिला पंख्याच्या जागी लावा. आत्याने उसवलं. पुन्हा शिवलं. पुन्हा गरगर. शेवटी त्यातल्या त्यात कमी फिरणारी आमिषं तिने बोटीवर दिली, आणि इथेच घोटाळा झाला. कारण आत्याच्या आमिषावर काकांची एक पद्धत बसलेली होती.

हा मासा दिवसा फार खोल असतो. शिशाचं वजन लावून आमिष तळाकडे सोडायचं आणि काठीच्या टोकाकडे डोळे लावून बसायचं. टोक थरथरलं म्हणजे माशाने वार केला. या वेळी अनाडी माणूस दोर ओढतो. काका ओढत नसत. उलट थोडा दोर सैल सोडून गप्प बसत. वार झाला तरी ताईचा टाका सुटलेला नाही, मासा वळून येणारच, या भरवशावर. सगळा खेळ त्या गप्प बसण्यात होता. त्या दिवशीही टोक थरथरलं, काका गप्प बसले, बसले, फार वेळ बसले. मग रीळ गुंडाळलं तर गळ नागडा वर आला. दुसऱ्यांदाही तेच.

संध्याकाळी काका शेडमध्ये आले ते रबरी माकल्यांचं पाकीट घेऊन. गुलाबी, चकचकीत, रंगवलेल्या डोळ्यांच्या. ते ताईच्या तोंडाकडे न बघता म्हणाले की हल्ली सगळे हेच वापरतात, तू आता आराम कर. आत्याने एक रबरी माकली उचलली, हुंगली, आणि विचारलं की ही माशाला खायला द्यायची आहे की खेळायला. काकांनी शुक्रवारच्या खेपेपर्यंत मुदत दिली. तोवर हात बसला तर ठीक, नाहीतर टेबल रिकामं. ते टेबल गेलं तर आत्या दिवसभर करणार काय, हा प्रश्न कोणी बोलून दाखवला नाही. आतोबांच्या चेहऱ्यावर मात्र तो स्पष्ट दिसत होता. कारण मग ती दिवसभर त्यांना सुधारणार होती.

गुरुवारी दुपारी आत्याला चूक सापडली. चूक हातात नव्हतीच, खुर्चीत होती. गळ पकडणारा शिकंजा टेबलाला तिच्या डाव्या अंगाला बोल्टने ठोकलेला. उजव्या हाताला ते सोयीचं होतं. डावा हात मात्र शिकंज्याच्या डोक्यावरून आडवा नेऊन दोरा ओढावा लागे, आणि प्रत्येक टाक्यासरशी गळ किंचित बाजूला खेचला जाई. शिकंजा काढावा तर बोल्ट गंजून टेबलाशी एकजीव झालेले. मग उपाय एकच: टेबलाच्या पलीकडे बसायचं.

पलीकडे आतोबा बसत. लग्न झाल्यापासून. तिथे खिडकी होती, खिडकीत रेडिओ होता, आणि फाटकी जाळी मांडीवर घेऊन ती न सांधण्याची आतोबांची पिढीजात जागा होती.

“अहो, उठा,” आत्या म्हणाली.

“का? आग लागली का?”

“उठला नाहीत तर लागेल.”

आतोबा उठले. इतक्या वर्षांत त्यांनी इतका झटपट निर्णय घेतल्याचं कोणाला आठवत नाही. आत्या पलीकडे बसली. शिकंजा उजवीकडे, डावा हात मोकळा. तिने एक माकली शिवली आणि बाथटबमध्ये ओढली. माकली सरळ आली. आत्याने तिला तीन वेळा फेऱ्या मारायला लावल्या, मग टाक्यांना हिसके देऊन पाहिले, आणि बर्फाच्या पेटीत अशी ठेवली जणू बाळ निजवते आहे. संध्याकाळपर्यंत पेटी भरली. आतोबा भिंतीकडे तोंड करून तिच्या जुन्या खुर्चीत बसले होते आणि इथे रेडिओ ऐकू येत नाही, असं रेडिओपेक्षा मोठ्या आवाजात सांगत होते.

शुक्रवारी काकांनी पेटी नेली. पण पाकीटही नेलं. रात्री परत आले ते हात हलवत. काही मिळालं नाही, टाके सुटले असणार, असं ते म्हणाले. आत्याने पेटी उघडली आणि परत आलेली आमिषं एकेक करून दिव्याखाली धरली. दोन माकल्यांच्या अंगावर तलवारीचा वार होता, चिरल्यासारखा लांब. टाके मात्र सगळेच्या सगळे जागेवर.

मासा आला होता. वार केला होता. काका थांबले नव्हते.

एकदा तोंड पोळल्यावर काका ताकच काय, पाणीही फुंकून पीत होते. टोक थरथरलं की लगेच रीळ गुंडाळायचे, आणि मासा वळून येईपर्यंत त्याचं जेवण आकाशात गेलेलं असायचं. आत्या तेव्हा एवढंच म्हणाली की उद्या मी येते. काकांना वाटलं बंदरापर्यंत. आतोबांना वाटलं चेष्टा. सकाळी ती पदर खोचून, मांडीवर बादली घेऊन बोटीत बसलेली दिसली तेव्हा कोणाचाच गैरसमज उरला नाही.

त्या प्रवासाचं वर्णन करू नये. बंदराचा धक्का दिसत होता तोवर आत्याने सकाळचा चहा परत केला, आणि तो दिसेनासा झाला तसा आदल्या दिवशीचा हिशेबही पूर्ण केला. पण काठीच्या बाजूची जागा तिने सोडली नाही. काका मधूनमधून म्हणत, ताई, परत फिरू या का. ती बादलीतून मान वर करून नाही म्हणे आणि मान पुन्हा खाली घाली. तिने स्वतः गळाला दोर जोडून घेतला, खोल अंधारात माशाला दिसावं म्हणून आमिषावर लावायचा लुकलुकता दिवा तपासला, आणि माकली खाली गेली.

बराच वेळ काही नाही. मग काठीचं टोक थरथरलं. एकदा, आणि लागोपाठ पुन्हा.

काकांचा हात आपोआप रिळाच्या मुठीवर गेला. त्याच्याआधी तिथे दुसरा हात येऊन पडला होता. आत्याचा उजवा, वाकडा.

“ताई, सुटलं असेल गं.”

“सुटलं नाही.”

“बघू तरी दे.”

“बघायचं असेल तर धाकट्या, आधी हा हात पुन्हा मोड आणि मग गुंडाळ.”

काकांनी हात काढला. दोर थोडा सैल सोडला. टोक स्थिर. समुद्र स्थिर नव्हता, आत्याचं पोट तर नव्हतंच. पण मुठीवरचा हात हलला नाही. काका पुढे सांगत की बापाच्या आजारपणातही ते इतकं शांत बसले नव्हते. मग शिशाच्या वजनाने ताणलेला दोर एकाएकी ढिला पडला. अनाडी माणूस म्हणाला असता, गेला. काका अनाडी नव्हते. खालून मासा वजनासकट वर निघाला होता.

“आलाय,” ते पुटपुटले.

आत्याने मुठीवरचा हात उचलला आणि बादली जवळ ओढली. “मग बघतोस काय माझ्याकडे?”

मासा बोटीवर यायला दुपार झाली. चोचीसकट तो काकांपेक्षा लांब होता. बोटीवरचे सगळे त्याच्याभोवती नाचत होते. आत्याने त्याच्याकडे नाक मुरडून पाहिलं आणि सरळ त्याच्या जबड्यात हात घातला. गळ कोपऱ्यात पक्का बसलेला. माकली दोन ठिकाणी चिरलेली, तरी शेंड्याला घट्ट. तिने टाके बोटाने चाचपले आणि खालून दुसरा जरा सैल राहिलाय म्हणून कपाळाला आठी घातली.

“ताई,” काका म्हणाले, “सोमवारच्या खेपेला पेटी भरून लागेल.”

“आधी मला जमिनीवर ने,” आत्या म्हणाली.

आता तिची जागा खिडकीपाशी आहे. आतोबा भिंतीकडे तोंड करून जाळी न सांधण्याचं काम पूर्वीच्याच जोमाने करतात. रबरी माकल्यांचं पाकीट वाया गेलं नाही. त्यातली सर्वात गुलाबी आत्याने टेबलावर खिळ्याने ठोकली आहे, आणि काम संपलं की दाभण तिच्या पोटात खुपसून ती घरी जाते.